गुडघा तयार होता

पेडल वर येऊन पुन्हा अडकलं. शिंगटे साहेबांनी दात आवळले आणि दोन्ही हातांनी मांडी खाली ढकलायला लागले.

“हात काढा,” मी म्हणाले. “जोर लावायचा नाही. जिथं अडतं तिथून परत मागे या.”

“म्हणजे नुसतं पुढं-मागं? झोपाळ्यासारखं?”

“हो. काही दिवस झोपाळाच.”

“मंजिरीताई, या सायकलवर मी अयोध्येला जाऊन आलोय.”

“तेव्हा गुडघ्याखाली प्लेट नव्हती.”

त्यांच्या पत्नी अलकावहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “आणि आता कुठं जायचंही नाहीये.”

साहेबांनी पेडल मागे घेतलं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माहेर सातारचं. नवऱ्याच्या नोकरीमुळे लखनौला आले आणि इथलीच झाले. गोमती नगरमध्ये डॉ. अस्थानांचं हाडांचं क्लिनिक आहे, तिथं काम करते. ऑपरेशन ते करतात, नंतरचा पाय माझ्याकडे येतो. लोकांना वाटतं, हाड जुळलं की काम संपलं. पण हाड जुळेपर्यंत त्या पायावर भार द्यायचा नसतो. तेवढ्या काळात मांडीचा स्नायू सुकतो आणि सांधा आखडतो. आखडलेला सांधा उघडायचा आणि सुकलेला स्नायू भरून काढायचा, हे माझं काम.

शिंगटे साहेब मूळचे नाशिकचे. रेल्वेत मोठे इंजिनिअर, रिटायरमेंट जवळ आलेली. दर रविवारी पहाटे त्यांचा सायकलवाल्यांचा ग्रुप बाहेर पडायचा. त्या रविवारी पाऊस नुकताच उघडला होता. चिनहटच्या पुढे, फैजाबाद रोडवर, राँग साइडनं एक पिकअप आली. बाकीचे मागे होते, साहेब पुढे. नडगीच्या हाडाचा वरचा सपाट भाग, ज्यावर गुडघा टेकलेला असतो, तो फुटला. टेबलाची वरची फळी तडकावी तसा. डॉक्टरांनी प्लेट आणि स्क्रू घालून तो बसवला.

ऑपरेशनला आत नेण्याआधी वहिनींनी स्ट्रेचरजवळ त्यांच्याकडून वचन घेतलं. रस्त्यावर सायकल पुन्हा नाही. साहेबांनी मान हलवली. भूल द्यायच्या आधी माणूस कशालाही हो म्हणतो.

मधला मार्ग त्यांच्या मुलीनं, सईनं काढला. ती गुरुग्रामला नोकरीला आहे. मराठी तिला सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीत. “मम्मी, पापा साइकिल भी चलाएँगे और घर में भी रहेंगे. दोनों खुश.” असं म्हणून तिनं इनडोअर ट्रेनर पाठवून दिला.

ट्रेनर म्हणजे व्यायामाची सायकल नव्हे. आपली स्वतःचीच सायकल घ्यायची, तिचं मागचं चाक काढायचं आणि त्या जागी हे जड यंत्र बसवायचं. चेन यंत्रावरून फिरते. आत एक जड चकती असते, तिला अडवणारं चुंबक असतं. चुंबकाचा जोर वाढवला की चढ लागल्यासारखं वाटतं. सायकल आपलीच, सीट आपलंच, फक्त ती जागची हलत नाही. आणि पडत नाही.

डॉक्टरांना मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मैडम, क्लिनिक में साइकिल रखी तो है.”

“सर, कोहरा पड़ रहा है. बैसाखी पर रोज़ लाना-ले जाना मुश्किल है. और अपनी साइकिल पर मन भी लगेगा.”

“ठीक है. आप देख लीजिए.”

सायकलचं पेडल पूर्ण फिरवायचं तर गुडघा बराच वाकावा लागतो. साहेबांचा काटकोनाच्या जरासा पुढे जायचा आणि तिथंच थांबायचा. मग आम्ही सीट उंच केलं. सीट उंच असलं की गुडघ्याला कमी वाकावं लागतं. अर्धा फेरा पुढे, अर्धा मागे. मग उलटं फिरवून पाहिलं. पुष्कळांना उलटा फेरा आधी जमतो. मग सीट थोडं खाली. पुन्हा अडणं, पुन्हा झोपाळा.

डिसेंबरच्या एका सकाळी, बाहेर समोरची इमारतसुद्धा दिसत नव्हती इतकं धुकं होतं, आणि पेडल अडायच्या जागी आलं आणि अडलं नाही. वरून पलीकडे गेलं. साहेबांना आधी कळलंच नाही. त्यांनी दुसरा फेरा घेतला, तिसरा घेतला, आणि यंत्राची घरघर एकसारखी सुरू झाली.

वहिनी हातात पोळीचं पीठ घेऊनच धावत आल्या. “फिरलं?”

“फिरलं,” साहेब म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. ते लपवायला त्यांनी टॉवेल घेतला.

वहिनींनी पिठाचा हात वर धरून मनगटानंच त्यांची पाठ थोपटली. “बघा. घरातच होतंय सगळं.” त्या मनापासून खूश होत्या. मीसुद्धा होते.

रविवारी राइड संपली की ग्रुपमधले रिज़वी साहब त्यांना भेटायला यायचे. शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेले, सडसडीत, बोलणं एकदम अदबीचं. बायको जाऊन वर्ष झालं होतं. थंडीत येताना जुन्या चौक भागातून मक्खन मलाई, म्हणजे दुधाचा गोड फेस, पानाच्या दोन्यांत आणायचे आणि आधी वहिनींच्या हातात द्यायचे. “भाभी, रिश्वत है. पाँच मिनट ज़्यादा बैठने दीजिएगा.” वहिनी हसायच्या. माणूस त्यांना आवडायचा. राइडबद्दल बोलणं सुरू झालं की मात्र त्या उठून आत जायच्या.

रिज़वी साहबांनी एक गोष्ट फार छान केली. हँडलला मोबाइल बांधून ते रस्त्याचा व्हिडिओ काढायचे आणि साहेबांना पाठवायचे. साहेब तो टीव्हीवर लावून ट्रेनर चालवायचे. गोमतीच्या काठचा रस्ता, काकोरीकडचा रस्ता, विटांच्या भट्ट्या, चहाच्या टपऱ्या. “हा यादवजी, हा आम्हाला बघितल्याशिवाय चहा टाकत नाही,” असं मला सांगायचे. “इथं खड्डा आहे बघा,” म्हणायचे आणि खरोखर अंग डावीकडे घ्यायचे. नाशिकहून आलेला माणूस ऑफिस आणि क्वार्टर यांच्या मधलं लखनौ तेवढं बघतो. याला अख्खं शहर आणि त्याच्या आजूबाजूची गावं माहीत होती, ती सायकलमुळे. व्हिडिओचा आवाज ते बंद ठेवायचे. मला वाटायचं, वहिनींना त्रास नको म्हणून.

जानेवारी संपता संपता रिज़वी साहबांनी मक्खन मलाईचा रिकामा दोना खाली ठेवला आणि म्हणाले, “शिंगटे साहब, मकान की बात पक्की हो गई. बेटी कब से बुला रही है. होली के बाद हम हैदराबाद के हो जाएँगे.”

साहेब पेडल मारायचे थांबले. “हमेशा के लिए?”

“इस उम्र में जो जाता है, हमेशा के लिए ही जाता है. बस एक ख़्वाहिश है. आम में बौर आ जाए, तो एक बार मलीहाबाद साथ चलें. आप, हम, और वही पुराना रास्ता.”

मलीहाबादच्या आंब्याच्या बागा म्हणजे इथल्या लोकांचं देवस्थान. फेब्रुवारीच्या शेवटी तिथं मोहोर येतो. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

“मंजिरीताई, होईल?”

“गुडघ्याचं विचाराल, तर तोपर्यंत होईल,” मी म्हणाले.

वहिनी दोने गोळा करत होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आत गेल्या.

मी निघाले तेव्हा त्या लिफ्टपर्यंत माझ्यामागे आल्या.

“ताई, एक काम करा. त्यांना सांगा गुडघा अजून तयार नाही. होळी होऊ दे. मग खरं सांगा.”

“वहिनी, असं कसं सांगू?”

“तुमचं ऐकतात ते. माझं ऐकलं असतं तर ही वेळच आली नसती. ऑपरेशनच्या खोलीबाहेर मी बसले होते. त्याच्याआधी फोनवर पोलीस विचारत होता, ‘आप उनकी कौन?’ मला पुन्हा ते ऐकायचं नाहीये.”

लिफ्ट आली आणि गेली. मी त्यांना एवढंच म्हणाले, की मी खोटं सांगणार नाही आणि साहेबांना भरीसही घालणार नाही. त्यांना ते पुरेसं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी थेट डॉक्टरांना फोन केला.

डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “मैडम, झूठ बोलने को कोई नहीं कह रहा. थोड़ा कंज़र्वेटिव रहिए. महीना-डेढ़ महीना आगे-पीछे, क्या फ़र्क पड़ता है?”

“सर, उनको पड़ता है. दोस्त जा रहा है.”

“दोस्त मेरा पेशेंट नहीं है.”

“तो फिर मुझे बाहर के कुछ सेशन दीजिए. कॉलोनी की अंदर की सड़क पर. ट्रेनर पर बैलेंस नहीं बनता, सर. साइकिल वहाँ गिर ही नहीं सकती.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “और सड़क पर गिर गए तो? प्लेट मैंने लगाई है, नाम क्लिनिक का है. होम विज़िट मतलब होम.”

त्यांचं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. रस्त्यावर माझा पेशंट पडला असता, तर पहिला प्रश्न त्यांनाच विचारला गेला असता. मी पुन्हा ट्रेनरवरच्या व्यायामाकडे वळले.

फेब्रुवारीच्या मध्यात मी सगळ्या चाचण्या घेतल्या. गुडघा पूर्ण वाकत होता. ऑपरेशनच्या पायानं एकट्यानं खुर्चीतून उठता येत होतं. चार मजले जिने चढून साहेबांना विशेष दम लागला नाही. मी दोघांना समोर बसवलं. सई व्हिडिओ कॉलवर होती.

“गुडघा तयार आहे,” मी म्हणाले. “रस्त्यावर जायचं की नाही, हे मी सांगू शकत नाही. ते तुमचं तुम्ही ठरवा.”

वहिनी ताडकन उठल्या. “छान. म्हणजे तुम्ही मोकळ्या.”

“मम्मी, प्लीज़,” सई म्हणाली. “पापा को जाने दो. एक राइड है. रिज़वी अंकल साथ में हैं.”

“त्या दिवशी नव्हते का सोबत?”

साहेब पायाकडे बघत होते. मला वाटलं, ते बायकोशी भांडतील, वचन मोडायची परवानगी मागतील. ते म्हणाले, “अलका म्हणेल तसं.” मी मनात म्हटलं, किती समजूतदार माणूस आहे.

वहिनी दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलल्या. तिसऱ्या भेटीला गेले तर सोफ्यावर नवीन हेल्मेट ठेवलेलं. भडक पोपटी, लांबून दिसेल असं. त्याच रंगाचं जॅकेट.

“हज़रतगंजला स्वतः जाऊन आणलं,” त्या म्हणाल्या. “रात्रभर विचार केला. हा माणूस टीव्हीतल्या रस्त्यावर वाकतो, ताई. मी खोलीत आले तरी त्याला कळत नाही. एकदा जाऊन येऊ दे. मी देवासमोर बसेन तोवर.”

हे सोपं नव्हतं. मी त्यांचा हात हातात घेतला. साहेब हेल्मेटचा पट्टा उघडत होते आणि लावत होते. “थँक्यू,” ते म्हणाले. आवाज बारीक होता. भारावून गेले असतील, असं आम्हा दोघींना वाटलं.

मलीहाबादला निघायच्या रविवारी मला तिथं असायची गरज नव्हती. साहेबांनीच बोलावलं होतं. उजाडता उजाडता मी स्कूटरनं त्यांच्या सोसायटीच्या गेटवर पोचले. रिज़वी साहब आणि ग्रुपमधले आणखी दोघं आलेले होते. रिज़वी साहबांनी गळ्यात मफलर गुंडाळला होता आणि ते लग्नाला निघाल्यासारखे खुशीत होते. “मैडम, आप भी चलिए. बौर की ख़ुशबू से आधे मरीज़ ठीक हो जाएँगे.”

साहेब लिफ्टमधून सायकल घेऊन आले. आदल्या दिवशी त्यांनी ती ट्रेनरवरून उतरवून मागचं चाक बसवलं होतं. वहिनी वर देवासमोर बसणार होत्या, पण त्याही मागोमाग आल्या होत्या, शाल पांघरून.

साहेबांनी गेटबाहेर सायकल आणली. दुरुस्त झालेला पाय आडव्या दांड्यावरून सहज पलीकडे टाकला. मी ते पाहिलं आणि मला अभिमान वाटला. एक पाय पेडलवर गेला. दुसरा जमिनीवर होता. तो जमिनीवरच राहिला.

“चलें?” रिज़वी साहब म्हणाले.

“हाँ, हाँ.”

बाकीचे थोडे पुढे गेले. समोरून एक ई-रिक्षा आली, तिच्यामागून दुधाचा टेम्पो, हॉर्न वाजवत. टेम्पो बराच लांबून गेला. साहेबांनी पेडलवरचा पाय खाली घेतला. दोन्ही हातांनी ब्रेक इतके घट्ट धरले होते की बोटं पांढरी पडली.

“मागचा ब्रेक नीट लागत नाहीये,” ते मला म्हणाले.

मी वाकून पाहिला. ब्रेक ठीक होता. “साहेब, ब्रेक लागतोय.”

“मग हवा कमी आहे.”

रिज़वी साहब वळून परत आले. त्यांनी टायर दाबून पाहायचं नाटकसुद्धा केलं नाही. साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि स्वतः सायकलवरून उतरले.

“कोई जल्दी नहीं है,” ते हळू म्हणाले. “मोड़ तक पैदल चलते हैं. फिर देखेंगे.”

“नहीं रिज़वी साहब. आप लोग निकलिए. धूप हो जाएगी.”

तेवढ्यात वहिनी पुढे आल्या. त्यांना वाटलं, आपल्यासाठीच हे थांबलेत. “जा की हो. मी काही म्हणत नाही. मनापासून सांगते, जा.”

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. “अलका, तुझ्यासाठी नाही थांबलो गं,” ते म्हणाले.

मग ते सायकलवरून उतरले आणि ती हातानं ढकलत आत घेऊन गेले. रिज़वी साहब थोडा वेळ तसेच उभे होते. जायचं की नाही, असा विचार करत असावेत. शेवटी ग्रुपमधल्या दोघांना त्यांनी पुढे पाठवलं आणि स्वतः साहेबांच्या मागोमाग लिफ्टमध्ये शिरले. त्या वर्षीचा मोहोर त्यांनीही पाहिला नाही.

नंतर मी प्रयत्न केले. क्लिनिकची वेळ संपल्यावर, क्लिनिकचं नाव न घेता जायची. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सायकल हातात धरून चालायचं. मग बसून एक पाय घासत जायचं. मग एक फेरी. पार्किंगमध्ये त्यांना चालवता यायला लागली. गेटच्या बाहेर पन्नास पावलं गेलो की समोरून काहीतरी यायचं आणि पाय खाली यायचा. मी मानसोपचाराच्या एका मॅडमचं नाव सुचवलं. ते म्हणाले, “बघू.” आमच्या पिढीतले लोक ‘बघू’ म्हणतात तेव्हा नाही म्हणत असतात.

होळी झाली. रिज़वी साहबांना सोडायला साहेब कारनं चारबाग स्टेशनला गेले. वहिनी सांगत होत्या, की प्लॅटफॉर्मवर दोघं फार काही बोलले नाहीत. गाडी हलल्यावर रिज़वी साहबांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि साहेब डब्याबरोबर चालत राहिले, प्लॅटफॉर्म संपेपर्यंत. रेल्वेत जन्म काढलेल्या माणसानं गाडीबरोबर असं चालू नये, हे त्यांना माहीत होतं. चांगले भरभर चालले, असंही त्या म्हणाल्या.

मग उन्हाळा लागला आणि एक दिवस साहेब म्हणाले, “मंजिरीताई, राहू द्या आता. ट्रेनर बरा आहे.” सायकल पुन्हा यंत्रावर चढली.

शेवटच्या भेटीला वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. चहा गाळता गाळता म्हणाल्या, “मी पहिल्या दिवसापासून नाही नाही करत बसले. त्यांना कधी स्वतः सांगावंच लागलं नाही, की भीती वाटते म्हणून. माझ्या नकाराआड लपले असतील का हो ते? मी हो म्हटलं असतं, तर लवकर कळलं असतं. लवकर काही करता आलं असतं.”

पडल्यानंतर पहिल्या महिन्यात जी भीती ओली असते, ती सहाव्या महिन्यात घट्ट बसते, एवढं मी नंतर पुष्कळ पेशंटमध्ये पाहिलं. सगळ्यांचंच तसं होतं असंही नाही. त्या सहा महिन्यांत वहिनी, डॉक्टर, सई आणि मी, आम्ही चौघं त्यांनी जावं की जाऊ नये यावर बोलत होतो. साहेबांना जायचंय, हे आम्ही धरूनच चाललो होतो. त्यांना जायचं होतंही. तेच तर वाईट वाटतं.

क्लिनिकमध्ये ही केस यशस्वी म्हणून गणली जाते. डॉक्टर नवीन ज्युनिअर मुलांना ते एक्स-रे दाखवतात. हाड सरळ जुळलंय, गुडघा पूर्ण वाकतो, लंगडणं नाही. त्यात खोटं काहीच नाही.

माझ्या कामात एक बदल झाला. गाडीवरून किंवा सायकलवरून पडलेला पेशंट आला, की मी पहिल्याच आठवड्यात गुडघ्याचं विचारून झाल्यावर विचारते, रात्री झोप लागते का, हॉर्न वाजला की काय होतं. कुबड्या सुटल्या की त्याची गाडी त्याच्या हातात देते, नुसती धरून चालायला. डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, “गेट के अंदर-अंदर.” काही जण तेवढ्यावर हसतात. काही जण हँडल धरतात आणि त्यांच्या हाताला घाम सुटतो. त्यांचं फिजिओ मग जरा वेगळं करावं लागतं, आणि लवकर.